विरोधी पक्षाचा वाटा

‘लोकनेत्यांच्या जन्मवस्तीने प्रत्येक निवडणुकीत आपले सर्वस्व त्यांच्या पारड्यात टाकले. विधानसभा असो वा नगराध्यक्षपद, तेथील मतदान केंद्रावर विरोधात पडले ते दरवेळी केवळ एकच मत. यंदा तेही उरले नाही. विरोधाचे हे हृदयपरिवर्तन हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस होय.’

आमदारांच्या गौरवग्रंथातील हा उतारा गुळगुळीत कागदावर, पानाच्या मधोमध, वेलबुट्टीच्या चौकटीत छापलेला आहे. समोरच्या पानावर त्यांचे छायाचित्र आहे: जन्मवस्तीच्या शाळेत मतदान करून बाहेर आलेले, शाई लागलेले बोट वर धरलेले, चेहऱ्यावर किंचित संकोच. संपादक मंडळात प्राचार्य आहेत, निवृत्त न्यायाधीश आहेत आणि ज्यांनी आजवर एकही ओळ विनाकारण लिहिली नाही असे एक कवी आहेत. अशा मंडळींच्या हाताखालून गेलेले विधान तपासायला बसणे हा उद्धटपणा आहे, हे मान्य. परंतु एखाद्याचे हृदय बदलले असे छापण्यापूर्वी ते हृदय ज्याच्या छातीत आहे त्याला निदान एकदा विचारण्याची रीत आहे. मंडळातील कोणीही त्याला विचारले नाही. त्याचे घर छापखान्यापासून फार दूर नव्हते. मात्र दारात चिखल फार होता.

‘सर्वस्व’ या शब्दाचीही थोडी विचारपूस व्हायला हवी. मत ही वस्तू माणसाने एकट्याने, पडद्याआड, कोणाला न दाखवता टाकायची असते. ती वर्षानुवर्षे एका वस्तीतून एकाच पारड्यात पडत राहते आणि दरवेळी नेमके एक मत बाहेर राहते, तेव्हा विचारी माणसाला आश्चर्य वाटावे. संपादकांना अभिमान वाटला. ते एक मत कोणाचे, हा प्रश्न ग्रंथात कोठेही नाही, कारण त्याचे उत्तर वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. ते तळ्याकाठच्या शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्याचे होते. वस्तीत सगळेच कौले करत, म्हणून धंद्यावरून कोणाला हाक मारण्याची सोय नव्हती. त्याला ‘विरोधी पक्ष’ म्हणत.

हे नाव पडले ते आमदार पहिल्यांदा निवडून आले त्या वर्षी. ते याच वस्तीतले, कौलांच्या राशींवर वाढलेले. त्यांचे वडील तळ्यातल्या मातीचे वाटप करत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तळ्याच्या मधोमध जी माती उघडी पडे ती लोण्यासारखी. काठाकडची चुनखडीने भरलेली. चुन्याचा खडा हा लबाड असतो. तो माती तुडवताना पायाला लागतो, पण एखादा बारीक सुटतोच. तो साच्यातून जातो, भट्टीतून भाजून निघतो, छपरावर चढतो, आणि पहिला पाऊस लागला की आतल्या आत फुगून कौल फोडतो. म्हणून पाळ्या होत्या, आणि पाळ्यांना एक जुना नियम होता: जो वाटतो त्याने शेवटी घ्यायचे. आमदारांच्या वडिलांनी जन्मभर काठाची माती घेतली, खडे निवडले आणि तक्रार केली नाही. शेवटचा वाटा त्या काळी मानाचा होता.

पहिल्या निकालात वस्तीतले एक मत विरोधात निघाले, तेव्हा वडील वारले होते आणि वाटप त्यांच्या पुतण्याकडे, म्हणजे आताच्या मुकादमाकडे, आले होते. त्याने तळ्यात उभे राहून प्रत्येक घरच्या कर्त्याच्या हातात मूठभर माती दिली आणि मत कोणाला टाकले ते शपथेवर सांगायला लावले. सगळ्यांनी सांगितले. शेवटच्या घरातल्या माणसाने, जो तेव्हा तरणाबांड होता, माती हातात घेऊन नीट पाहिली आणि खाली ठेवली.

‘सांगूनच टाकायचं असतं, तर पडदा कशाला लावला होता?’ तो म्हणाला.

बांधावर नवे आमदार उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मुकादमाचा वाटा मधल्या खड्ड्यातून आधी निघू लागला आणि शेवटचा वाटा विरोधी पक्षाकडे गेला. मानाची गोष्ट शिक्षेची करायला कायदा बदलावा लागत नाही; रांग बदलली की पुरते.

यंदा तळे लवकर आटले. नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीचा, जिला यंदा आमदार स्वतःच उभे होते, निकाल लागून दोन-अडीच महिने झाले होते आणि गौरवग्रंथ नुकताच निघाला होता. सून अंगणातल्या आळ्यात माती तुडवत होती: एका हाताने बांबूचा आधार धरलेला, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, टाच आधी, मग तळवा, मग बोटे. मातीत पाय फिरवताना ती मध्येच थांबे, वाके, चिमटीने खडा काढून कडेला टाके आणि पुन्हा सुरू करी. मुलगा साच्यात गोळा दाबून वरची माती तारेने कापत होता. सासू सावलीत बसून वाळलेल्या कौलांच्या कडा घासत होती आणि तोंडाने सगळ्यांना कामाला लावत होती.

‘आहे का विरोधी पक्ष घरात?’ मुकादमाने कुंपणाबाहेरून विचारले.

‘आहे. सभात्याग करून मागच्या बाजूला गेलाय,’ सासू म्हणाली. ‘येईल इतक्यात. म्हाताऱ्यांचा सभात्याग लांबतो.’

मुकादम हसला. आज तो आत आला, इतकेच नव्हे तर टेकला. ‘काकू, ते नाव आता बंद करायचं. विरोधी पक्ष यंदा सत्तेत आला.’

‘मग पगार कधीपासून?’

‘पगार नाही, पण पाळी. पहिली पाळी तुमची. परवा सकाळी, मधल्या खड्ड्यातली.’

सुनेचे पाय मातीत थांबले. मुलाच्या हातातली तार सैल पडली.

म्हातारा ओले हात झटकत आला. त्याची कंबर कायमची वाकलेली होती. मातीचे गोळे उचलून वाकली, असे तो म्हणे. लोक म्हणत, स्वभाव ताठ असला की देव शरीर वाकवतो.

‘पहिली कशाबद्दल?’ त्याने विचारले.

‘यंदा मत सरळ टाकलंत, त्याबद्दल. निकालात विरोधात शून्य. साहेबांच्या कानावर घातलं. ते काही बोलले नाहीत, म्हणजे हो आहे.’

‘आणि आजवर शेवटची कशाबद्दल होती?’

‘ते तुम्हाला माहीत.’

‘मला माहीत आहे. तुला माहीत आहे का, ते विचारतोय.’

‘काका, जुनं उकरू नका. साहेबांचं कमरेचं हाड जुळलंय, उद्या स्वतः येणार आहेत तुमच्या दारात. ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत तुम्हा दोघांचा फोटो घालायचाय.’

म्हाताऱ्याने मुलाने नुकतेच काढलेले ओले कौल उचलले, उजेडाकडे धरले, कड बोटाने सारखी केली आणि खाली ठेवले. ‘पाळी आमची आहे तीच राहू दे,’ तो म्हणाला.

मुकादम गेल्यावर सून पुन्हा तुडवू लागली. मग मुलगा साच्याशी बोलल्यासारखा बोलू लागला. त्याचे वयही आता चेष्टेचे राहिले नव्हते. कानामागचे केस पांढरे झाले होते, आणि वडिलांशी भांडताना तो अजून त्यांच्याकडे पाहत नसे.

‘प्रसूतिगृहाच्या पडवीवर आपली कौलं घातली. पहिल्या पावसात लाह्यांसारखी फुटली. ठेकेदारानं गाडी आणून दारात ओतली. भर दुपारी. सगळी वस्ती बघत होती. मी ते तुकडे एकेक करून उचलले.’

‘मीही उचलले,’ म्हातारा म्हणाला.

‘आता नव्या मंडईच्या छपराचं काम निघालंय. चांगली माती मिळाली तर ते आपलं आहे, मिस्त्री तोंडानं बोललाय. आपल्यासारखा हात वस्तीत कुणाचा नाही, असं म्हणाला. पण माती कुठली, असं विचारलं त्यानं.’

‘बरोबर विचारलं.’

‘मग घ्या की पहिली पाळी. घेतली तर काय होतं?’

‘घेतली तर ते मत मी टाकत होतो, असं होतं.’

‘टाकत नव्हतात?’

म्हातारा आळ्याच्या कडेचे खडे गोळा करू लागला.

‘घरात तरी सांगाल की नाही?’

‘पडद्याच्या आत घर येत नाही.’

‘हिच्या तळव्यांकडे बघा एकदा. चाळण झालीय. तुमच्या तत्त्वासाठी ही बाई—’

‘माझे पाय मध्ये आणू नका,’ सून आळ्यातून म्हणाली. ‘पाय माझे, भांडण तुमचं. भांडायचं तर स्वतःच्या सामानानं भांडा.’

सासू मोठ्याने हसली. मुलाचा चेहरा उतरला आणि मग तोही नाइलाजाने हसला. त्या घरात भांडणे अशीच मरत. कोणीतरी हसायचे आणि बाकीच्यांना कामे आठवायची. पण हे भांडण मेले नाही. जेवताना ते ताटांच्या मध्ये बसून राहिले. मुलाने पाण्याचा तांब्या वडिलांकडे सरकवला तो नेहमीपेक्षा जोरात सरकवला, आणि वडिलांनी तो नेहमीपेक्षा हळू उचलला.

ऊन उतरल्यावर सासूने तेल कोमट केले, सुनेला भिंतीला टेकून बसवले आणि तिचे पाय मांडीवर ओढून घेतले. हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्या शेजारणींनी एकेकाळी नाके मुरडली होती. सुनेचे पाय सासूने चेपायचे, हे कुठल्या घराला शोभते? सासूचे उत्तर ठरलेले होते: घराचा खांब कुठला ते ज्याचे त्याला कळते, आणि खांबाला तेल लावायची लाज नसते.

तळवे खरोखरच पाहण्यासारखे नव्हते. जुन्या चिरा काळ्या पडलेल्या, नव्या लाल. म्हातारी अंगठ्याने एकेक चीर चाचपत होती. थोड्या अंतरावर म्हातारा थापीने कौलांचे पोट सारखे करत बसला होता, आणि मुलगा उद्याचे सरपण भट्टीपाशी रचत होता.

‘एक विचारू?’ म्हातारी नवऱ्याला म्हणाली.

‘नाही म्हटलं तर थांबणार आहेस?’

‘वाकलात का हो?’

थापी थांबली.

‘मला वाटायचं, ते मत तुमचंच,’ ती म्हणाली. तिचा आवाज चेष्टेचा राहिला नव्हता. ‘कधी विचारलं नाही. राग यायचा. पाणवठ्यावर बायका बाजूला सरकायच्या, तेव्हा यायचा. ही लग्न होऊन आली, पहिल्याच उन्हाळ्यात हिचे पाय फुटले, तेव्हा तर फार आला. पण मनात म्हणायची, माझा नवरा एकटा आहे, पण उभा आहे. त्यावर मी काढले दिवस. आणि यंदा शून्य आलं. म्हटलं, म्हातारपणी वाकला. खरं सांगते, मला बरं नाही वाटलं.’

म्हाताऱ्याने थापी खाली ठेवली. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोने आपल्याला नेमके कशासाठी मोठे मानले, हे माणसाला उतारवयात कळावे, आणि तेही ज्या गोष्टीसाठी मानले ती आपण केलीच नव्हती असे असावे, ही परिस्थिती अवघड आहे. ती त्याने शक्य तितक्या सभ्यपणे हाताळली.

‘यंदा ज्याला टाकलं,’ तो म्हणाला, ‘त्यालाच दरवेळी टाकत आलोय.’

म्हातारीचा अंगठा सुनेच्या तळव्यावर थांबला.

‘दरवेळी? पहिल्या वेळेपासून?’

‘हो.’

‘म्हणजे तुम्ही आमदारालाच—’

‘मी नाव घेतलेलं नाही.’

‘घेऊ नका. शून्यानं घेतलं.’ ती थोडी हसली, मग पुन्हा गंभीर झाली. ‘मग शपथेच्या दिवशी माती खाली का ठेवलीत? त्यालाच टाकलं होतं, तर सांगून मोकळं व्हायचं.’

‘विचारायला नको होतं त्यांनी,’ म्हातारा म्हणाला. एवढेच. त्याच्याकडे याहून मोठे तत्त्वज्ञान नव्हते, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्याचे काय केले हे गौरवग्रंथात पाहता येते.

मुलगा सरपण टाकून जवळ आला होता. वडिलांना तो बऱ्याच वर्षांनी समोरून पाहत होता. ‘मग ते मत कुणाचं?’

‘दुसऱ्या कुणाचं तरी. यंदा बदलला असेल,’ म्हातारी म्हणाली.

‘इतकी वर्षं न बदललेला माणूस एकाएकी बदलेल?’ सून म्हणाली. ‘आला नसेल.’

‘न येणार कसा?’ म्हातारी म्हणाली. ‘मुकादमानं घर न् घर उपसलं होतं. आंधळ्या आत्यांना खुर्चीवर घालून नेलं. पाय मोडलेल्या शेजाऱ्याला पाठीवर नेलं.’

‘मेलं असेल कुणी,’ सून म्हणाली.

‘गेल्याच वर्षी आमदारकीची निवडणूक झाली, तेव्हा ते मत होतं. त्यानंतर वस्तीत कुणी गेलेलं नाही,’ मुलगा म्हणाला. ‘आणि मेलेले तर साहेबांनाच टाकतात, असं विरोधक म्हणतात.’

सगळे हसले. सून हसता हसता थांबली. तिने पाय सासूच्या मांडीवरून काढून घेतले आणि सरळ बसली.

‘आई, वस्तीच्या यादीत नाव असलेला एक माणूस आला नव्हता.’

‘कोण?’

‘ज्याच्यासाठी सगळ्यांना नेलं तो. कमरेचं हाड मोडून दवाखान्यात पडला होता ना? दरवेळी शाळेबाहेर बोट दाखवून फोटो काढतात. यंदा कुठं होता फोटो? ग्रंथातलाही जुनाच आहे.’

भट्टीवरच्या झाडातून पाखरे उठून गेली. म्हातारीने सुनेचा पाय पुन्हा ओढून घेतला आणि तेलात बोट बुडवले.

‘शेंबड्या,’ ती पुटपुटली. ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा आमदार नाक वाहणारे पोर होते. तिच्या चुलीपाशी बसून भाकरी मागणारे. तेव्हापासूनचे ते नाव होते, आणि विधानसभेच्या कोणत्याही कामकाजात त्यात दुरुस्ती झालेली नव्हती.

‘असेल, नाहीतर नसेल,’ म्हातारा म्हणाला. ‘मत त्याचं आहे. विचारायचं नाही.’

‘तुम्ही विचारू नका. तुमचा पडदा तुमच्यापाशी. मी कुठं पडदा लावलाय?’

दुसऱ्या दिवशी सकाळी आमदार आले. चार पायांची काठी टेकत, मऊ बूट चिखलात रुतवत, मागे मुकादम, प्राचार्य आणि छायाचित्रकार. मुलाने घरातली एकुलती एक खुर्ची अंगणात मांडली, आणि ती डुगडुगते हे आठवून तिच्या एका पायाखाली फुटक्या कौलाचा तुकडा सारला.

‘ये,’ म्हातारी म्हणाली. ‘नाक पुसलंस का?’

प्राचार्य दचकले. आमदारांचा हात मात्र खरोखरच नाकाकडे गेला, आणि मग ते इतके मोकळे हसले की त्यांचे वय क्षणभर गळून पडले. या माणसाबद्दल जे काही वाईट पुढे म्हणायचे आहे ते म्हणण्यापूर्वी हे नोंदवले पाहिजे: त्यांना त्या अंगणाचे प्रेम होते. खुर्चीवर बसताच त्यांनी राशीतले एक भाजलेले कौल उचलले, कानाजवळ नेऊन नखाने टिचकी मारली आणि आवाज ऐकला. हे कोणी शिकवलेले नव्हते. ते बोटांत होते.

‘खडा आहे यात,’ ते म्हणाले.

‘असणारच,’ म्हातारा म्हणाला. ‘शेवटच्या वाट्यातलं आहे.’

आमदारांनी कौल मांडीवर ठेवले. छायाचित्रकार दोघांना जवळ बसवू लागला. ‘आजोबांनी साहेबांच्या हातात कौल द्यायचं,’ प्राचार्यांनी सुचवले, ‘समेटाचं प्रतीक म्हणून.’

‘थांबा जरा,’ म्हातारी म्हणाली. ‘मला याला एक विचारायचंय. मतदानाच्या दिवशी तू कुठं होतास रे?’

‘दवाखान्यात, वहिनी.’

‘म्हणजे यंदा तू मत टाकलं नाहीस.’

‘नाही.’

‘आणि यंदा विरोधात एकही पडलं नाही.’

प्राचार्यांनी घड्याळ पाहिले. मुकादम म्हणाला, ‘काकू, साहेबांना जास्त बसवत नाही.’ आमदारांनी हात वर केला, सभागृहात करत तसाच, आणि मुकादम गप्प झाला. ते म्हाताऱ्याकडे वळले.

‘तू सांगितलंस हिला?’

‘मी आयुष्यात कुणाला काही सांगितलं नाही,’ म्हातारा म्हणाला. ‘तूही नाहीस.’

दोघे समवयस्क नव्हते. म्हातारा आठ पावसाळे पुढे होता. दोघांनी एकाच आळ्यात माती तुडवली होती, एकाच तळ्यात पोहायला शिकले होते. एकाच्या गप्प बसण्याने एक घर खडे वेचत राहिले. दुसऱ्याच्या गप्प बसण्याने एक कारकीर्द उभी राहिली. दोन्हींना मौन हाच शब्द लावावा लागतो, ही भाषेची गरिबी आहे.

आळ्यातली माती भिजून तयार होती आणि ऊन चढत होते. ती सोडली असती तर वाळून गेली असती, म्हणून सून पाहुण्यांकडे पाठ करून तुडवायला लागली. आमदार तिच्या पायांकडे पाहत राहिले. एकदा ती थांबली, वाकली, खडा काढून कडेला टाकला. तो आमदारांच्या बुटापाशी पडला. मग ते बोलू लागले, आणि बोलून होईपर्यंत त्यांनी नजर तिथून काढली नाही. छायाचित्रकाराने कॅमेरा खाली घेतला होता. मुकादम कुंपणाकडे सरकत होता. मुलगा साच्यावर हात ठेवून उभा होता.

त्यानंतरच्या सकाळी तळ्यात वाटप झाले; अंगणातले बोलणे तोवर वस्तीभर झाले होते. आमदार बांधावर खुर्ची टाकून बसले होते. म्हातारा सगळ्यांच्या आधी उतरला. मुलाने हात पुढे केला तो त्याने घेतला. एरवी घेत नसे. वाकलेल्या कमरेने तो थेट मधल्या खड्ड्यापर्यंत गेला, मूठभर माती उचलली, बोटांनी चुरडून पाहिली आणि वर वळून म्हणाला, ‘आता मिळाली ती पाळी आहे. परवा देत होतात ती माफी होती.’ मग मुलाने फावडे घातले. सुनेने पहिली पाटी डोक्यावर घेतली तेव्हा सासू काठावरून ओरडली, की सावकाश, लोण्याची सवय नाही पायांना, घसरशील. वस्तीतले लोक हसले, आणि त्या हसण्यात पुष्कळ वर्षांनी विष नव्हते, शरम होती.

शेवटी मुकादम उतरला. वाटणाऱ्याने शेवटी घ्यायचे, याची त्याला कोणी आठवण करून दिली नाही. त्याने काठाची माती भरली. त्याच्या सुनेनेही त्या उन्हाळ्यात आळ्यात थांबून वाकायला सुरुवात केली, आणि हे लिहिताना आनंद होत नाही, कारण शिक्षा पुन्हा पायांनाच झाली आणि तेही दुसऱ्याच बाईच्या. तिच्यासाठी वाटीभर तेल शेवटच्या घरातून गेले. कोणी पाठवले, हे विचारण्याची त्या घरात पद्धत नाही.

म्हाताऱ्याला अजून विरोधी पक्षच म्हणतात. तो ओ देतो. म्हातारी म्हणते, निवडून न येता एवढी वर्षे पद सांभाळणारा दुसरा दाखवा.

गौरवग्रंथाची नवी आवृत्ती निघाली आहे. चौकट तीच, वेलबुट्टी तीच. प्राचार्यांनी ‘हृदयपरिवर्तन’ काढून तेथे ‘मनोमीलन’ घातले आहे. शाई लागलेल्या बोटाचे छायाचित्र समोरच्या पानावर कायम आहे. त्या दिवशी अंगणात जे बोलले गेले ते जागेअभावी घेता आले नसावे. म्हणून आमदारांचे शब्द, जसे घरातल्या चौघांनी ऐकले आणि जसे त्यांनी स्वतः नंतर कधीही नाकारले नाहीत, तसे येथे देणे भाग आहे:

‘पहिल्या वेळी पडद्याआड गेलो आणि स्वतःच्या नावाशी हात अडला. बाप सांगायचा, वाटणाऱ्यानं आधी आपल्या पुढ्यात ओढू नये. म्हणून दुसऱ्याला टाकलं. एकच मत, कोण बघतंय, असं वाटलं. मग मुकादमानं हातात माती देऊन शपथा घेतल्या तेव्हा मी बांधावरच होतो. एक शब्द बोललो असतो तर तिथंच मिटलं असतं. लोक हसतील म्हणून बोललो नाही. पुढच्या निवडणुकीत बघितलं, याला शेवटचा वाटा मिळतोय म्हटल्यावर वस्तीत दुसऱ्या कुणाची फुटायची छाती होत नाही. आणि ते एक मत पडलं नाही तर याच्यावर बोट कसं ठेवणार? नम्रता पहिल्या वेळची होती, वहिनी. पुढची सगळी मतं मी हिशेबानं टाकली.’